दादांचं कोपर

मास्तर मैदानाच्या फाटकातून आत शिरले की पहिल्यांदा काय दिसायचं, तर कोपरं. आठ-नऊ मुली जाळीपाशी बेसबॉलची बॅट धरून उभ्या, आणि प्रत्येकीचं मागचं कोपर भिंतीतल्या खुंटीसारखं आडवं, थेट खांद्याच्या रेषेत. ते बघून मास्तरांचा जीव सुखावायचा. देवाने आपल्याला पोरंबाळं दिली नाहीत, पण एवढी कोपरं दिली, असं ते एकदा भाचीला म्हणाले होते, आणि ती हसता हसता गवतात बसली होती.

त्या रविवारी फाटकात वाळूचा ट्रक अडकला होता, म्हणून ते वळसा घालून कुंपणाच्या मागून आले. आणि बघतात तो काय, एकही कोपर वर नाही. सगळी खाली, अंगाजवळ, सैल सोडलेली. भाची एकेकीला चेंडू टाकत होती आणि मुली मारत होत्या. चांगल्या मारत होत्या, हेही मास्तरांना दिसलं, पण ते त्यांनी मनावर घेतलं नाही. एवढ्यात टोकाच्या मुलीची नजर कुंपणाकडे गेली. तिने शेजारणीला ढोसलं, शेजारणीने पुढचीला, आणि साहेब वर्गात आल्यावर बाकांवरून पोरं उठावीत तशी ती सगळी कोपरं एकामागून एक वर आली.

मास्तर जागच्या जागी थबकले. राग यायच्या आधी त्यांना लाजच वाटली. कुणाच्या तरी घरात न सांगता शिरल्यासारखं झालं.

आता मास्तर म्हणजे दोन्हीकडून मास्तर. आठवडाभर शिंपीकाम, रविवारी बेसबॉल. रस्त्यात कुणी ‘अहो मास्तर’ म्हणून हाक मारली, तर ती पँटच्या उंचीसाठी आहे की लेकीच्या बॅटिंगसाठी, हे वळून तोंड पाहिल्याशिवाय त्यांना कळायचं नाही. भाची त्यांच्या बहिणीची मुलगी. सातव्या वर्षापासून दुकानातल्या चिंध्यांत खेळत वाढली, मामाच्याच हाताखाली बॅट धरायला शिकली, आणि आता चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढते. चार वर्षं झाली, मैदानावर मामाच्या जोडीला उभी राहते. आपल्यामागे हे सगळं तिचंच, असं मास्तरांनी मनात कधीचं ठरवून टाकलं होतं. तिला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

मुली घरी गेल्यावर चेंडू पोत्यात भरता भरता दोघांची जुंपली. जुंपली म्हणजे आवाज चढले नाहीत; दोघंही चेंडूंकडेच बघून बोलत होती. भाचीचं म्हणणं असं, की कोपर एवढं वर ठेवलं की ते आधी खाली यायला हवं, मग बॅट पुढे येणार, आणि तोवर चेंडू मागे बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात जाऊन बसलेला असतो. दणकट मुलगी असेल तर निभावून नेते. पण मुंगीचं काय? मुंगी त्यांच्यातली सगळ्यात धाकटी, अकरा वर्षांची, उभी केली तर बॅट तिच्या छातीला लागायची. तीन महिने झाले, तिच्या बॅटला चेंडू शिवला नव्हता, आणि या महिन्यानंतर पाठवणार नाही असं तिची आई बजावून गेली होती. त्या सकाळी कोपर खाली घेतल्यावर तिने लागोपाठ चार चेंडू मारले होते.

मास्तरांचं म्हणणं, जोर येतो तो कोपरातूनच. दादांचे फटके बस डेपोच्या पत्र्यावर जाऊन वाजायचे, ते काय उगीच? दादा म्हणजे मास्तरांचे गुरू. त्यांचं नाव निघालं की मास्तरांपुरता वाद मिटलेला असायचा. भाचीपुरता तो त्या दिवशी मिटला नाही. दादा कपाटाएवढे होते असं तुम्हीच सांगता, ती म्हणाली, मुंगी स्टुलाएवढी आहे.

“तू दादांना पाहिलं नाहीस.”

“तुम्ही तरी कुठे पाहिलंत? तुम्ही कोपर पाहिलंत.”

हे लागलं. मग पोत्याचं तोंड आवळता आवळता भाचीने खरं काय ते सांगितलं. नदीपलीकडच्या क्लबने तिला बोलावलं होतं, त्यांच्या मुलींना शिकवायला. तिने अजून होकार दिला नव्हता, नकारही दिला नव्हता.

“मला जायचं नाही हो मामा. पण तुमच्या पाठीमागे एक आणि तोंडावर एक, असं मला नाही जमत. पोरी आपल्या दोघांची तोंडं बघत बसतात, बॉल कधी बघणार?” ती जरा थांबली. “मला एवढंच सांगा, कोपर वर ठेवा असं दादा कधी म्हणाले होते? कुठल्या दिवशी, कुणाला? ते म्हणाले असतील तर मी या विषयावर परत तोंड उघडणार नाही. देवाशपथ.”

पुढच्या रविवारी सांगतो, असं मास्तर म्हणाले. भाचीची शपथ म्हणजे शपथ, हे त्यांना ठाऊक होतं. मनात म्हणाले, हात्तिच्या, एवढंच ना.

पण सोमवारी शिलाई मशीनवर बसून आठवू गेले, तर आठवेना.

दादा छापखान्यात कागदाचे गठ्ठे उचलायचे. सुट्टीच्या दिवशी छापखान्याच्या संघातून खेळायचे, आणि खेळ संपला की आसपासची पोरं गोळा करून शिकवायचे. शिकवायचे म्हणजे बोलायचे नाहीतच. स्वतः उभे राहून दोन-चार चेंडू मारून दाखवायचे, मग पोराच्या हातात बॅट देऊन समोरून हलके हलके चेंडू टाकत राहायचे. शंभर टाकतील, दोनशे टाकतील, कंटाळा म्हणून नाही. पोराने मारला तरी तोच चेहरा, चुकवला तरी तोच. तोंडातून शब्द यायचा तो एकच, ‘बघ.’ पोरं दादांकडे बघायची आणि दादांसारखी उभी राहायची. सगळ्यांत हुबेहूब उभा राहायचा तो शिंप्याचा वाळकुडा पोरगा, म्हणजे आपले मास्तर.

मास्तरांनी डोळे मिटले आणि कान दिला. ‘कोपर वर’ ही हाक चांगली खणखणीत ऐकू येत होती. पण जितकं नीट ऐकावं तितका तो आवाज कोवळा व्हायचा, नुकत्याच फुटू लागलेल्या गळ्याचा. दादांचा आवाज तो नव्हे. तो त्यांचा स्वतःचाच होता. त्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला कॉलर उलटी लावली, आणि दिवे लागेपर्यंत उसवत बसले.

गुरुवारी दुकान लवकर बंद करून ते दादांच्या घरी, वहिनींकडे गेले. दादा जाऊन सहा वर्षं झाली होती. वहिनी त्याच दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. मास्तरांच्या मनात होतं, दादांची एखादी वही सापडेल, एखादा कागद, निदान मागे काही लिहिलेला फोटो. वही हा शब्द ऐकून वहिनींना हसू आलं. या माणसाने आयुष्यात किराण्याची यादीसुद्धा लिहिली नाही, त्या म्हणाल्या, आणि आलाच आहात तर माझं एक काम करा. दादांचे तीन शर्ट त्यांनी बाहेर काढून ठेवले होते. कापड अजून मजबूत, टाकवत नाही. वहिनींच्या भावाला अंगाबरोबर करून हवे होते.

मास्तरांनी पहिला शर्ट मांडीवर घेतला, सवयीने मधोमध दुमडला, बाहीवर बाही ठेवली. बसेना. बाही जिथे खांद्याला जोडतात तो घेर, म्हणजे मुंढा, डाव्या बाजूला होता तसा उजव्या बाजूला नव्हता. उजवा चांगला दोन बोटं खोल. त्यांनी दुसरा शर्ट उलगडला. तोही तसाच. तिसराही. टाके त्यांच्याच हातचे होते.

मग आठवलं. पहिला शर्ट शिवायला दिला तेव्हा दादा म्हणाले होते, उजवीकडे जरा सैल ठेव. ठेवलं. पुढे त्यांनी सांगायचीही गरज उरली नाही. बावीस वर्षं मास्तरांची कात्री आपली आपण उजवीकडे दोन बोटं खाली उतरायची. का, ते कधी विचारलं नाही.

“वहिनी, हा मुंढा असा का?”

“शिवलेत तुम्ही आणि मला विचारता, भावजी?” वहिनींनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांची थट्टा तिथेच विरली. त्या खाली बसल्या. “तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं?”

मग त्यांनी सांगितलं. चौदाव्या वर्षी दादा मालाच्या गाडीवरून पडले आणि उजवं कोपर मोडलं. ते जुळलं, पण पुरतं वाकेना. घास तोंडाशी न्यायचा तर आधी अख्खं कोपर उचलावं लागे, म्हणून चार माणसांत ते डाव्या हाताने जेवत. छापखान्यात लागले तेव्हा त्यांनी हे कुणाला कळू दिलं नाही. अधू हाताच्या माणसाला गठ्ठे उचलायला कोण ठेवणार? बेसबॉलही त्याचसाठी धरला, की चौघांना दिसावं, गडी धडधाकट आहे. आणि बॅट खांद्याशी न्यायची तर कोपर वर गेल्याशिवाय हात तिथवर पोचतच नसे.

“मी म्हणायचे, अहो, पोरं तुमची नक्कल करतात, सांगून टाका ना. तर म्हणायचे, राहू दे. सगळ्यांची कोपरं वर आहेत तोवर माझ्याकडे कोण बघतंय.” वहिनींनी शर्टाची बाही सरळ केली. “तुमच्या ओरडण्याचं मात्र हसू यायचं त्यांना. शिंप्याच्या पोराने कायदाच करून टाकला की, म्हणायचे. पण तुमच्यावर जीव फार. शर्ट न्यायला जायचे ना, तेव्हा घरी येऊन सांगायचे, आजही त्याने विचारलं नाही.”

मास्तरांचा हात त्या उजव्या मुंढ्यावरच राहिला. दर वर्षी टेप घेऊन आपण त्या खांद्याला हात लावला. तो माणूस हात लांबवून, श्वास धरून उभा राहिला, आणि आपण आकडा घेऊन मोकळे झालो. विचारलं नाही ते काही शहाणपणाने नव्हे. भक्ती केली, पण डोळे मिटून केली.

ते उठले तेव्हा वहिनी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, सांगायचं तर सांगा खुशाल, आता त्यांना कोण कामावरून काढतंय.

जिना उतरता उतरता मास्तरांच्या मनात एक गोष्ट येऊन गेली, ती लपवण्यात अर्थ नाही. वहिनींनी काय सांगितलं ते तिसऱ्या माणसाला माहीत नव्हतं. ‘होय, दादाच म्हणाले होते’ एवढं बोललं की झालं. भाची मान खाली घालेल, शपथ पाळेल, दादांचा शब्द राहील आणि आपलाही. मुंगीची आई मुंगीला घरी बसवेल, तेवढंच. तीन दिवस हे ‘तेवढंच’ त्यांच्या घशाखाली उतरलं नाही. दुसरी वाटही सोपी नव्हती. ज्या माणसाने जन्मभर एक हात झाकून ठेवला, त्याचा हात आठ-नऊ पोरींपुढे उघडा करायचा, आणि तो हात झाकणारी बाही तर आपणच शिवलेली.

रविवारी ते वेळेआधी गेले आणि फाटकातून गेले. कोपरं वर आली. त्यांनी सगळ्यांना बॅटी खाली ठेवून जवळ बसवलं. भाची उभीच राहिली, हाताची घडी घालून.

“कोपर वर ठेवा, हे दादांनी कधीच सांगितलं नव्हतं,” मास्तर म्हणाले. “ते माझं. दादांचं नाव घेऊन मीच ते आजवर सगळ्यांच्या माथी मारलं. चुकलं माझं. जिला जसं सोपं जाईल तसं तिने उभं राहावं.”

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. मोठ्या माणसाने चूक कबूल केली की लहानांनाच अवघडल्यासारखं होतं. भाचीने विचारलं, “मग दादा तसे का उभे राहायचे?”

“त्यांच्या अंगाला तसंच बसायचं म्हणून,” मास्तर म्हणाले. “एका माणसाच्या मापाचा शर्ट मी सगळ्यांना चढवत बसलो. शिंपी असून.”

भाची त्यांच्याकडे बघत राहिली. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं काम तिचं. मामाने आणखी काहीतरी मागे ठेवलंय हे तिला दिसलं असणार. तिने ते तिथेच राहू दिलं. मुलींना तिने उठवलं, आणि मामाच्या जवळून जाताना हळूच म्हणाली, की पलीकडच्या क्लबला तिने शुक्रवारीच नाही म्हणून कळवलं होतं.

“शुक्रवारी? आणि मी आज दादांच्याच नावाने सांगितलं असतं तर?”

“तर गप्प बसले असते. शपथ गप्प बसायची होती मामा, सोडून जायची थोडीच होती?”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. ते पुसणं जरा लांबलं. तेव्हाच त्यांनी तिला सांगून टाकलं, की हे मैदान, या मुली, ही जीर्ण झालेली जाळी, सगळं यापुढे तिचं. आपण चेंडू टाकायला येत जाऊ. भाची म्हणाली, जाळी तुम्हीच ठेवून घ्या.

मुंगी उभी राहिली. मास्तरांनी तिला हलके हलके चेंडू टाकले. पहिले दोन चुकले, तिसरा लागला, आणि लागला म्हणजे सरपटत का होईना, थेट कुंपणापर्यंत गेला. पुढच्या मुलीही सैल, मोकळ्या, आपापल्या तऱ्हेने उभ्या. सगळ्यात शेवटी आली ती एक उंचाडी मुलगी, आणि तिने कोपर घेतलं ते सरळ वर, अगदी खुंटीसारखं.

मास्तर लगबगीने पुढे झाले. अगं, आताच सांगितलं ना, खाली घे. ती म्हणाली, मला असंच बरं वाटतं. मास्तरांनी टेप लावायला जावं तसा हात तिच्या कोपराकडे नेला, तर भाचीने तो मधेच धरला. तिचे चेंडू लागतात ना, मग राहू दे की. मास्तर म्हणाले, आता लागतात, पण चेंडू जोरात आला की उशीर होईल. भाची म्हणाली, हिच्या दंडात ताकद आहे, हिला नाही होणार. होईल. नाही होणार. उंचाडी मुलगी बॅट धरून, कोपर वर करून, दोघांचं होईस्तोवर ताटकळत उभी राहिली.