लाल पट्ट्या

"हेही ओरिजिनल नाही," असं म्हणत तज्ज्ञाने दरवाज्याच्या हँडलवर लाल चिकटपट्टीचा तुकडा लावला. हा सतरावा.

मिस्तरीकाका हात मागे बांधून उभे होते. पितळ कानशीने दोन दिवस घासून ते हँडल त्यांनीच घडवलं होतं. तेव्हा मी शाळेत होते. साठच्या दशकातली ही इंग्रजी गाडी, दोन दारांची, कापडी टप मागे पाडता येणारी. कारखान्याने अशा मोजक्याच काढल्या आणि गाशा गुंडाळला. सुटे भाग मिळणार कुठून? बाबांना हौस दांडगी, पण पाना कुठल्या बाजूने धरायचा तेही ठाऊक नव्हतं. गाडी बाबांची म्हणायची, तिचा संसार केला मिस्तरीकाकांनी.

बाबा गेले. माझ्याकडे गाडी ठेवायला जागा नाही, म्हणून ती एका संग्राहकाला द्यायचं ठरलं. त्यांनी हा तज्ज्ञ पाठवला होता. सज्जन माणूस, पण नजर फक्त उणं शोधणारी.

"लाल लावलेलं सगळं काढणार," तो म्हणाला. "मग गाडी अगदी पहिल्यासारखी होईल."

"पहिल्यांदा ती दर महिन्याला बंद पडायची," मी म्हटलं.

काका हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. "साहेब, ती पट्टी द्या जरा."

मला वाटलं, आता भिरकावतात. पण ते स्वतःच एकेक तुकडा तोडून लावू लागले. वायपरच्या दांडीवर. टपाच्या डाव्या कमानीवर. पुढच्या जाळीवर.

"अहो, जाळी ओरिजिनल आहे!"

"नाही, माझी आहे. घेणाऱ्याला फसवायचं नाही."

तज्ज्ञाने भिंग लावून जोड शोधला. सापडला नाही. काका गप्प बसले असते, तर निदान त्यांचं सर्वांत सुरेख काम तरी गाडीत राहिलं असतं.

मग ते आत वाकले. गिअरच्या दांड्यावर लाकडी मूठ होती. बाबांच्या तळव्याचं माप घेऊन काकांनी ती केली होती, मनासारखी बसेपर्यंत तीनदा तासली होती. तीस वर्षांत बाबांच्या अंगठ्याने तिथे खळगा पडला होता. काकांच्या बोटावर लाल तुकडा तयार होता, पण हात पुढे जाईना.

"ही तर ओरिजिनलच ना?" तज्ज्ञाने विचारलं. "केवढी झिजलीय!"

खोटं बोलायची सवय नाही आणि खरं सांगवत नाही, अशी काकांची गत झाली होती.

"ओरिजिनल आहे," मी म्हणाले. "लहानपणापासून मी हीच बघतेय."

तज्ज्ञाने वहीत तसं लिहून घेतलं. काकांनी बोटावरच्या पट्टीची गोळी करून खिशात टाकली आणि रुमाल काढून ते कितीतरी वेळ हात पुसत राहिले.