रोझालियाचा निळा पेटारा

बार्को डेझ्यो लाकूड नाकाने पारखायचा. जुन्या पेटाऱ्याचं झाकण उघडून आत डोकं घालायचा आणि सांगायचा, कीड जिवंत आहे की मेलेली, आत कपडे असायचे की पीठ. हंगेरीतल्या तिसा नदीकाठच्या गावागावांतून तो पेटारे, कपाटं, मांडण्या विकत घेऊन वाशारहेय शहरातल्या आपल्या वखारीत आणी. वखारीच्या अंगणात कॉस्टिक सोड्याचा हौद होता. रंगवलेला पेटारा त्यात बुडवला की शंभर वर्षांची फुलं अर्ध्या दिवसात सुटत आणि खालचं पाइनचं लाकूड मधासारखं पिवळंधमक निघे. १९९२ साली हॉलंडच्या गिऱ्हाइकांना तसंच हवं होतं. रंग दिसला की ते नाक मुरडत.

त्या मार्चमध्ये त्याला शिवारातल्या एका घराचं बोलावणं आलं. घर सूच रोझालिया नावाच्या बाईचं. वय त्र्याहत्तर, नवरा गेलेला. शेत विकून ती मुलीकडे शहरात राहायला निघाली होती, तिसऱ्या मजल्यावर. पेटारा काही जिन्यातून वळत नव्हता. जावयाने दोनदा माप घेऊन पाहिलं होतं.

पेटारा पाहून डेझ्यो त्यापुढे उकिडवा बसला. गडद निळी जमीन, लाल ट्युलिप, मधल्या चौकटीत तिचं नाव आणि साल, १९३८.

"हा ट्युलिप वाकडा आलाय बघ," रोझालिया म्हणाली. "माझ्या भावाने काढला, मार्तोनने. सुताराकडे शिकत होता. माझ्या लग्नासाठी महिनाभर खपला. मी हसले तर म्हणतो कसा, 'अगं, वाकडा कुठला, वाऱ्याने झुकलाय!' मग युद्धात त्याला रशियात डोन नदीच्या आघाडीवर नेलं. तो गेला तो गेलाच. त्याचा एक फोटोसुद्धा नाही माझ्याकडे. त्याच्या हातचं म्हणशील तर एवढंच."

तिने एप्रनला हात पुसले. "किमतीचं तू म्हणशील ते मला कबूल. पण हा जसा आहे तसा ठेवतील अशाच घरी दे. शब्द दे मला."

"दिला, काकू," डेझ्यो म्हणाला. दोघांनी हातात हात घेतला आणि वर पालिंका, म्हणजे फळांची कडक दारू, एकेक पेला घेतली. त्या घटकेला तो खोटं बोलत नव्हता.

पुढच्याच आठवड्यात हॉलंडचा ट्रक यायचा होता आणि ठरलेल्या मालात एक पेटारा कमी पडत होता. एकाचा तळ ऐनवेळी कुजका निघाला होता. वखारीचा कारभार डेझ्योची बायको एतेल बघायची.

"तो निळा आहे की," ती म्हणाली.

"त्याचा शब्द दिलाय मी."

"मग शब्द भर ट्रकमध्ये! माल कमी पाहून ते दुसऱ्या वखारीत गेले, की बस इथे फुलांचा वास घेत."

डेझ्यो दिवसभर घुटमळला. गुरुवारी सकाळी त्याने स्वतःच्या हाताने पेटारा हौदात सोडला. कामगारांना त्याने हात लावू दिला नाही, जणू त्याने पाप थोडं कमी होणार होतं. ब्रशने घासताना वाकडा ट्युलिप सगळ्यांत शेवटी सुटला. मार्तोनने तिथे रंग दोनदा चढवला असावा.

मे महिन्यात रोझालिया नातीला घेऊन वखारीत आली. नातीचं नाव त्युंदे, तिचं लग्न शरदात ठरलं होतं.

"पेटारा कुणाकडे दिलास रे, डेझ्यो? पोरीला ती फुलं मेजकापडावर भरायची आहेत. त्यांच्या दारात बसून नुसती उतरवून घेईल. त्रास नाही देणार कुणाला."

डेझ्यो जवळच्या कपाटाची धूळ पुसू लागला. "काकू, तो... तो बुडापेस्टला गेला. संग्रहालयात."

"संग्रहालयात? आपल्या मार्तोनचा?"

"हो तर! बघताक्षणी उचलला त्यांनी."

रोझालियाने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग "बरं झालं" म्हणून ती निघाली. वेळ मारून नेली होती.

तीन आठवड्यांनी ती एकटीच आली. अंगात चर्चला जायचा काळा कोट, हातात टोपली. बाकावर बसून तिने आधी बूट सैल केले.

"जाऊन आले बुडापेस्टला. पहाटेची गाडी धरली, वाटेसाठी पोगाचाचे खारे पाव बांधून घेतले. सगळी दालनं हिंडले. पेटारे पुष्कळ आहेत रे तिथे. एका भल्या बाईने नोंदवहीसुद्धा उघडून पाहिली. आपला नाही."

"कोठारात असेल, काकू. सगळंच काही मांडत नाहीत..."

"पुरे, डेझ्यो." आवाज चढला नव्हता. "पेटारा नेलास तेव्हा किल्ली माझ्याच खिशात राहिली होती. त्यानंतरच्या गुरुवारी ती द्यायला आले होते मी. फाटकाशी पोचले तर तुझ्या गटारातून निळं पाणी वाहत होतं. तशीच मागे फिरले."

डेझ्यो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. त्याने विचारलं, "मग बुडापेस्टला कशाला गेलात?"

"तू म्हणालास म्हणून. म्हटलं, निळे पेटारे काय थोडे असतात? देवा, मीच चुकलेली निघू दे. शेवटचं दालन होईपर्यंत तेच म्हणत होते."

तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं. ती मात्र बूट आवळत म्हणाली, "आता त्युंदेला एक पेटारा शोधून दे. रंगाचा. निवडायला मी येणार."

त्या उन्हाळ्यात डेझ्योने आजी-नातीला गाडीत घालून गावं पालथी घातली. जिथे जावं तिथे एकच उत्तर: "रंगाचा? आमच्याकडचा तर तुम्हीच नाही का नेलात?" रोझालिया खिडकीबाहेर बघत राही. डेझ्यो मान खाली घालून गाडी सुरू करी.

ऑगस्टमध्ये माको शहरापलीकडच्या एका गावात अखेर एक मिळाला. हिरवी जमीन, पांढरे गुलाब. मालक बालिंत नावाचा म्हातारा. रोझालिया गुडघ्यांवर बसली, तिने पेटाऱ्याच्या पायांखाली बोटं फिरवली, मागची फळी ठोकून पाहिली, बिजागऱ्या हलवल्या, झाकण उघडून आतला वास घेतला.

"पाय शाबूत. फळी मूळचीच. कीड मेलेली," ती म्हणाली. "रंगावर नंतर कुणी हात फिरवलेला नाही. हाच."

डेझ्योलाही यापेक्षा चांगली पारख करता आली नसती. त्युंदे तर हरखून गेली.

बालिंत पेटारा रिकामा करू लागला. आत त्याच्या वारलेल्या बायकोच्या चादरी होत्या. एकेक उचलून तो पलंगावर ठेवी आणि हाताने सुरकुती काढी. रोझालिया बघत होती.

"तुम्हाला विकायचाय का हो?" तिने विचारलं.

"मुलगा म्हणतो, जागा अडते."

"मुलाचं नाही विचारलं मी."

म्हातारा हातातल्या चादरीची घडी पुन्हा नीट करू लागला. रोझालियाने पलंगावरची चादर उचलली आणि परत पेटाऱ्यात ठेवली. मग दुसरी.

"आजी, हे काय!" त्युंदे ओरडली.

"चल पोरी."

परतीच्या वाटेवर त्युंदे मागे बसून मुसमुसत होती. डेझ्योला राहवलं नाही. "काकू, मी जसाच्या तसा पोचवला असता. देवाशपथ."

"हो रे," रोझालिया म्हणाली. "आता पोचवला असतास."

शरदात त्युंदेचं लग्न झालं. तिने दुकानातून पांढरं गुळगुळीत कपाट आणलं. दोन वर्षांनी रोझालिया गेली. दफनाला डेझ्यो सगळ्यांच्या मागे उभा होता, कुटुंबाच्या जवळ जायचा त्याला धीर झाला नाही.

पुढे त्याने हौद मातीने भरला आणि एतेलने तिथे झेंडू लावला. शेजारीपाजारी म्हणत, "डेझ्योला उपरती झाली." तो म्हणे, "कसली उपरती? ट्रक यायचा बंद झाला." लोकांना तो त्याचा विनय वाटे. पण तेच खरं होतं. बालिंतच्या घरून परतल्यानंतरही दोन वर्षं त्याचा हौद चालू होता. तेव्हा मनात आलं असतं तर त्याला तो बंद करता आला असता, हे त्याला रोज आठवे, आणि हे ज्याला सांगावं असं आता कुणी उरलं नव्हतं.