गोऱ्ह्याला गुळाचं पाणी

पंच्याऐंशीच्या पौषात इतवारीच्या घरी एकाच सकाळी दोन बाळंतपणं झाली. आत त्याच्या बायकोला, सुकरीला, मुलगी झाली, गोठ्यात गाईला गोऱ्हा.

गावची रीत अशी, की बाळंतिणीचं पहिलं पिवळं दूध, म्हणजे चीक, बाळाला जड जातो. तीन दिवस तो पिळून मोहाच्या झाडाच्या बुडाशी ओतायचा आणि बाळाला गुळाच्या पाण्यात भिजवलेली कापसाची वात चोखायला द्यायची. मागल्या साली मुलगा झाला तेव्हा इतवारीनंच तो ओतला होता. तिसऱ्या महिन्यात पोराला डब्बा झाला. छाती भरली, श्वास लागला, गेला. नर्सबाई म्हणाली होती, "त्या चिकात रोगाशी लढणारे शिपाई असतात, इतवारी. छातीवर पहारा देतात. ते तुम्ही झाडाला पाजले." तेव्हापासून त्याला वाटे, आपल्या मोहाला काही जन्मात खोकला होणार नाही.

आताही आईनं, बायनाबाईनं, त्याच्या हाती चिकाची वाटी दिली. आईपुढे त्याचं एक वाक्य कधी पुरं झालं नव्हतं. तो वाटी घेऊन गोठ्यात गेला, ती कोनाड्यात ठेवली, आचळाला भिडणारा गोऱ्हा ओढून मांडीवर घेतला, त्याला काजळाची तीट लावली आणि तोंडात गुळाची वात दिली.

गाय हंबरू लागली. अर्धं गाव जमलं.

"काऊन रे, काय करून राह्यला?" म्हातारा पोचू म्हणाला.

"तीन दिवस गुळाचं पाणी. चीक जड जाते."

"अबे, जनावर हाये ते. मरन ना."

"तुले काई दयामाया?" शकुबाई म्हणाली. "मुक्या जीवाच्या तोंडचा घास काढते."

एकानं तर सरपंचाला बोलवा म्हटलं. तेवढ्यात बायनाबाई आली.

"सोड त्याले. चिकाबिगर वासरू जगते का कुठी? छाती भरन त्याची."

"मले बी तेच..." इतवारी म्हणाला आणि नेहमीसारखा अडला.

पोचूनं खाली पाहिलं. बायनाबाईनं कोनाड्यातली वाटी पाहिली, मग लेकाकडे पाहिलं.

"तमाशा हाये का इथी? जा घरी," ती लोकांवर खेकसली आणि आत गेली.

"सुकरी, घे इले पदराखाली," आतून आवाज आला. "अशी नाई, डोस्कं वर धर तिचं."

इतवारी गोऱ्हा सोडायचं विसरून कान देऊन बसला. थोडा वेळ नुसतं रडणं. मग तेही थांबलं.