कणगीला लावलेलं औषध

भूपेशसाहेबांकडे बघितलं की मला मळमळतं. हा आमचा मॅनेजर म्हसावदचा, माझ्याच गावचा, याचीही आता लाज वाटते.

नवापूरजवळच्या आमच्या कारखान्यात कच्चा माल रिअॅक्टरमध्ये सोडण्याआधी चिलरवर चांगला गार करावा लागतो. गरम माल आत गेला की हवं ते रसायन कमी बनतं आणि सडक्या अंड्यासारखा घाण मारणारा काळा चिकटा जास्त. शिफ्टची केमिस्ट म्हणून मी हे उन्हाळाभर सांगत होते. साहेब उन्हाळाभर चिलर बंद करत होते.

"चारुलता, लाईटनं बिल तू भरशी का?"

चिकट्याचे ड्रम साठले. रीतसर विल्हेवाट लावायला खर्च येतो. मग या गृहस्थाने काय करावं? मी रजेवर असताना ती घाण उधई-वाळवीचं औषध म्हणून कामगारांना फुकट वाटली आणि वाटताना फोटोही काढून घेतले.

मला पत्ता लागला तो आमच्या ऑपरेटरच्या, दानियलच्या डब्यामुळे. त्याची बायको प्रिस्किला कधीमधी माझ्यासाठीही भात पाठवते. त्या दिवशी डबा उघडला आणि चिकट्याचा तोच सडका वास आला.

"भात कशात साठवता?"

"कणगीत, मॅडम. यंदा शेणाऐवजी साहेबांचं औषध लावलं. आतून, बाहेरून. एक किडा नाही."

किडा जगेल कशाला तिथे? ते औषध नाही, कारखान्यातला विषारी चिकटा आहे, हे मी त्याला सांगितलं.

"धुऊन खाल्ला तर? वर्षाचं धान्य आहे."

"नाही चालणार, दानियल."

तशीच तणतणत साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते पपई खात होते. ऐकून घेतलं, बोटं पुसली.

"मंग बजारमा ईकी टाक म्हना त्याले. वास कोन ली देखस?"

बाहेर येऊन मी चिलर सुरू केला, चिलरच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. नोकरी जाते तर जाऊ दे.

भात बाजारात विकून टाक, वास कोण घेऊन बघतो, असं साहेब म्हणाले, हे दानियलला सांगितलं. "लोक खातील ना, मॅडम."

रविवारी मी त्याच्या पाड्यावर गेले. घरामागे खड्डा खणला होता आणि प्रिस्किला टोपलीटोपलीने भात ओतत होती.

"पेरणीचं बी तरी वेगळं ठेवलंय ना?" मी विचारलं.

तिने टोपली झटकली. "तेही त्याच कणगीत होतं. तेच ओतते आहे."