मावशीचा आजार

मावशी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या शाळेत नऊ वर्षांच्या मुलींना लस टोचणार होते, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊ नये म्हणून. मावशीला त्याच कॅन्सरने नेलं होतं, आणि तिची मुलगी टियामिके बरोबर नऊ वर्षांची. पण चिल्वा तळ्याकाठच्या आमच्या गावात मयत असली की कुणी शेतात जात नाही, मासे धरत नाही. शाळेचं तर नावच नको.

मी नुकतीच शाळेच्या वादविवादात पहिली आले होते. बोललं की काम होतं, अशी माझी खात्रीच होती. गेले थेट मामाकडे. आमच्यात बहिणींच्या मुलांचं सगळं मामाच ठरवतो. टियामिकेला शाळेत नेऊन लगेच आणते, म्हटलं. तो कबर खणणाऱ्यांना पाणी देत होता.

"हेडमास्तरीणबाई, आधी तिच्या आईला मातीत तर जाऊ दे."

शिवाय त्या सुईने पोरी वांझ होतात, असं त्याने गिरणीवर ऐकलं होतं.

मग मी एकटीच पळाले. ठेवू देत लोकांना नावं! शाळेत लस टोचायला आलेल्या सिस्टर नाखुमवांना सगळं सांगितलं. त्या लसीची बर्फाची पेटी सायकलला बांधून आल्या, कमरेला चितेंजेचं कापड गुंडाळून बायकांत बसल्या आणि गाऊ लागल्या. लसीबद्दल अवाक्षर नाही. मी नुसती धुमसत होते.

कबरीत माती लोटण्याआधी घरातल्या कुणीतरी गेलेल्याचा आजार सगळ्यांना सांगायचा असतो. मामा उठला, म्हणाला, "पोटाच्या दुखण्याने गेली."

"पोटाच्या नाही, मामा," मी म्हटलं. " गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने. टियामिकेला सुई द्या, असं ती मला म्हणाली होती."

शाळेत टाळ्या पडल्या होत्या. इथे फावडी थांबली. मागून एक म्हातारी पुटपुटली, केवढी जीभ या कार्टीची.

मामा हातातली टोपी चुरगाळत राहिला. मग हळूच म्हणाला, "मलाही म्हणाली होती. मी म्हटलं, तू बरी हो, मग बघू."

माती लोटून झाल्यावर त्यानेच टियामिकेला सिस्टरांपुढे उभं केलं. बाकीच्या आयांनी आपापल्या पोरी पाठीशी ओढल्या.

सुई टोचताच टियामिके जी रडायला लागली, ती थांबेचना. कालपासून तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"झालं गं बाळा, एवढं नाही दुखत," सिस्टर तिचा दंड चोळत म्हणाल्या.

मामा खाली बसला, तिला छातीशी घेतलं. "सुईचं नाही ते, सिस्टर. रडू दे तिला."