कापराचा घास

"तोंड उघड गे राणी, लोखंड गार आहे, पण बोचत नाही." हा आवाज नागोजींचा. मित्रांनो, तेव्हा मी दोन वर्षांचीही नव्हते, आणि लगाम म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं.

मी एक जुनी शर्यतीची घोडी आहे. आणीबाणी उठली त्या वर्षी जन्मले, म्हणजे आता सात वर्षांची. शर्यतीत हे म्हातारपणच. माझं नाव रत्नमाला. मद्रासच्या गिंडीच्या मैदानावर मी धावते, आणि मला मागे टाकणारा घोडा अजून तरी कुणी पाहिलेला नाही.

नागोजी माझे मोतद्दार, तंजावरकडचे मराठी. त्यांची बायको गोदाबाई दर शुक्रवारी उपास करी आणि संध्याकाळी पेरुमाळच्या, म्हणजे विष्णूच्या, देवळातला प्रसादाचा गोड पोंगल घेऊन पागेवर येई. त्यात खायचा कापूर असतो. त्याचा वास मला फार आवडे. पण शर्यत जवळ आली की नागोजी मला त्यातला कणही देत नसत. कापूर तपासणीत सापडतो आणि जिंकलेली शर्यत जाते. गोदाबाईंना मात्र ते एवढंच सांगत, की आता नको, हिचं पोट बिघडेल.

भीमसेन आमचे ट्रेनर. सगळ्यात मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी ते माझ्या ठाणाशी एका पाहुण्याशी बोलत होते. माझ्या मागोमाग पाहुण्याचाच घोडा येणार हे सगळे धरून चालले होते. ही जिंकेल, पण तपासणीत बाद होईल, कप तुमच्या घरी येईल, मग तुमचे सगळे घोडे माझ्या पागेत पाठवा, असं ते सांगत होते. पाहुण्यानं माझ्याकडे पाहिलं तसे भीमसेन हसले. "बोला हो मोकळेपणानं. घोडं आहे ते."

नागोजी नालबंदाकडे गेले होते तेवढ्यात गोदाबाई डबा घेऊन आल्या. भीमसेन किती मऊ बोलले! "वहिनी, उद्या पोरीची परीक्षा. देवाचा घास तिला नको होय?" गोदाबाईंचे डोळे भरून आले. उपास सोडायला ठेवलेला सगळा पोंगल त्यांनी मला भरवला.

मी जिंकले. हार पडले, फोटो निघाले. मग तपासणीत कापूर सापडला आणि कप गेला. भीमसेननी पागेत सगळ्यांसमोर विचारलं, "काय नागोजी, देवाला लाच देऊन घोडी पळवता?" नागोजींनी बायकोचं नाव घेतलं नाही. त्यांना मैदानात पाऊल टाकायची बंदी झाली. आता ते मद्रासच्याच टी. नगरात एका साडीच्या दुकानाच्या दारात उभे राहून गिऱ्हाइकांना सलाम करतात.

निघताना गोदाबाई माझ्या गळ्याशी आल्या. काय घडलं ते त्यांना तोवर उमगलं होतं. "मी कुणाला शाप देत नाही गे," त्या हळूच म्हणाल्या, "पण तू पाहिलंस. या भीमसेनची मान एकदा भर मैदानात खाली घालशील?" मी त्यांच्या तळहातावर नाक टेकवलं.

त्यानंतर दोन वर्षं मी भीमसेनसाठी जिंकत राहिले. घोडी मोठी गुणाची, असं लोक म्हणत. राग मी तोबऱ्यातल्या हरभऱ्यासारखा दाण्यादाण्यानं चावत होते. लहानसहान शर्यतीत हरून काय होणार? मला त्यांचा मोठा दिवस हवा होता.

तो आज आहे. रत्नमाला हरली तर पागेची किल्ली टाकून घरी बसेन, असं ते चारचौघांत बोलून बसले आहेत.

जॉकीला मी पाडणार नाही. त्या बिचाऱ्यानं मला कधी चाबूक लावला नाही. फाटक उघडेल, सगळे सुटतील, आणि मी उभी राहीन. माझं नावही त्यात जाईल. न धावणाऱ्या घोडीचं पुढे काय होतं, तेही मी पागेत पाहिलं आहे.

मित्रांनो, मुक्या जनावरांना मायेनं वागवा असं तुम्हाला शिकवतात. ते कराच. पण त्यांच्या देखत कुणाचा घात ठरवू नका. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून विसरता येतं असं थोडंच आहे?

घंटा झाली. भीमसेननी माझ्या पाठीवर थाप मारली. "जा, माझी लक्ष्मी." मी पाय आपटला नाही की फुरफुरले नाही. शांतपणे फाटकाकडे चालू लागले.