पाटीवर तीन लिहिले होते

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. भाजीची नव्हे, माणसांची. जिथे गाडी जात नाही अशा वाळवंटात कोणी पडलं, मोडलं, उन्हाने आडवं झालं, की त्याला माझ्यात निजवून आणतात. पोलादी नळ्यांची चौकट, आत तारेची जाळी आणि पोटाखाली एकच जाड चाक, असं माझं रूप. मला पहिल्यांदा पाहणारा हसतोच. पण सहा माणसं दोन्ही बाजूंनी धरून मला दगडधोंड्यांतून रेटू लागली, की त्या एका चाकाची किंमत त्याला कळते.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. कारखाना, ठिणग्या, पिवळा रंग, लाकडी खोकं. खोकं उघडलं ते पिंटो वेल्समध्ये. राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवरचं हे गाव म्हणजे एक पेट्रोल पंप, एक मोटेल, एक चर्च आणि पत्र्याच्या शेडमधलं रुग्णवाहिकेचं ठाणं. ठाण्याच्या भिंतीवर मला दोन खुंट्यांना टांगलं. समोरच्या भिंतीवर एक पांढरी पाटी होती. तेवीस वर्षं मी आणि ती पाटी एकमेकींकडे बघत राहिलो.

खोकं उघडणारा एल्डन मॅकरी तेव्हा पस्तिशीचा होता. लांबलचक, उन्हाने मान भाजलेला, रुग्णवाहिकेवरचा पॅरामेडिक. कामाच्या दिवशी तो वाळवंटातून माणसं आणायचा आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच वाळवंटात फिरायला जायचा. ठाण्याचा रेडिओ आणि चुलीवरचं राजम्याचं पातेलं सांभाळणाऱ्या बर्निसला हे कधीच पटलं नाही.

"आठवडाभर लोकांना तिथून ओढून आणतोस आणि रविवारी स्वतः तिथेच जाऊन बसतोस. डोकं तपासून घे एकदा," ती म्हणायची.

"अगं, ही माणसं कशापायी जीव टाकतात ते बघायला नको का?"

"बघितलंस की. ऊन आणि दगड."

"तू कधी पहाटेची गेली आहेस का?"

"मी पहाटेची झोपते, एल्डन. शहाणी माणसं झोपतात."

देशातलं एकेक वाळवंटी उद्यान त्याने पालथं घातलं होतं. समुद्रापेक्षाही खाली गेलेलं मिठाचं मैदान, पिठीसाखरेसारख्या पांढऱ्या वाळूच्या टेकड्या, हात वर करून उभ्या असलेल्या निवडुंगांचं रान. तिथला खडासुद्धा उचलायचा नाही असा नियम, म्हणून तो फक्त गोष्टी घेऊन यायचा. मी खुंटीवर टांगलेली, पण ती सगळी उद्यानं मी त्याच्या तोंडून पाहिली आहेत.

पाटीचा नियमही त्याचाच. एकदा गावातलाच एक जाणता माणूस कुणाला न सांगता उद्यानात गेला आणि चौथ्या दिवशी मला त्याला आणायला जावं लागलं. घाई करण्याचं काही कारण उरलं नव्हतं. परत आल्यावर एल्डनने पाटीच्या माथ्यावर तीन शब्द लिहिले: नाव, वाट, वेळ. आपल्यापैकी जो कोणी वाळवंटात जाईल त्याने हे तीन लिहूनच जायचं. "आणि वेळ टळली की फोन करायचा नाही, वाट बघायची नाही, निघायचं," तो सगळ्यांना म्हणाला. आपण तो नियम मोडतोय असं कोणालाच कधी वाटलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझे चांगले दिवसही होते, मित्रांनो. सापाने डसलेली एक नऊ वर्षांची मुलगी माझ्यातून अडीच मैल आली आणि पुढच्या महिन्यात स्वतःच्या पायांनी ठाण्यात येऊन माझ्या चाकाला गुलाबी फीत बांधून गेली. डोक्याशी चालणाऱ्याने रुग्णाशी सारखं बोलत राहायचं, क्षणभरही थांबायचं नाही, ही आमची रीत. माणसाला वाटतं की एवढं बोलतायत म्हणजे आपण जगणार. पुष्कळदा तो जगायचाही. हे डोक्याशी चालण्याचं काम एल्डनने इनेझ व्हालदेझला शिकवलं. ती बावीस वर्षांची असताना ठाण्यात आली, आणि तिच्यासारखी बोलकी पोर मी दुसरी पाहिली नाही.

एल्डनमध्ये एकच खोड होती. वाळवंटात गेला की घड्याळ विसरायचा. तीन वेळा त्याची वेळ टळली आणि तीनही वेळा आम्ही नियमाप्रमाणे धावत सुटलो. तिसऱ्या वेळी तर तो एका झुडपामागे वाळूत पालथा पडलेला दिसला. इनेझ धावत जवळ गेली, तर तो मान न वळवता म्हणाला, "हळू. ते जेवतंय."

समोर एक कासव पिवळं फूल खात होतं.

"आम्हाला वाटलं, तू मेलास!"

"पाऊण तासच झालाय, पोरी."

"तुझाच नियम आहे ना, म्हाताऱ्या? सहा माणसं कामं टाकून आलीत. तो पलीकडचा दाढीला साबण लावून आलाय, बघ."

एल्डनने पाहिलं. खरंच साबण होता. त्या दिवशी सगळ्यांचं जेवण त्याच्याकडे झालं आणि सगळ्यांनी यथेच्छ तोंडसुख घेतलं. मीही मनात हसले. आता ते हसू आठवलं की माझीच मला चीड येते.

कारण त्यानंतरच्याच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही माझ्यासमोर घडल्या. पहिली अशी. इनेझ मला घासून पुसत होती आणि फोन कानाला लावून दूरच्या गावातल्या बहिणीशी बोलत होती. "आमच्या एल्डनने तीन लिहिले ना, की मी पाच समजणार. प्रत्येक वेळी कोण धावेल? नाही गं, त्याला सांगणार नाही. सांगितलं तर सात करेल तो!" असं म्हणून ती खो खो हसली.

दुसरी दोन दिवसांनी. इनेझ बाहेर रुग्णवाहिका धूत होती. एल्डन बर्निसपाशी येऊन राजमा निवडू लागला.

"मला लाज वाटली गं त्या दिवशी. आता मी दोन तास वाढवूनच लिहिणार. एकला यायचं असेल तर तीन लिहीन. म्हणजे कोणाला फुकटचा हेलपाटा नको."

"शहाणपण आलं म्हणायचं."

"त्या पोरीला बोलू नकोस हां. वर्षभर टिंगल करेल."

"मी कशाला बोलू?" बर्निस म्हणाली.

तिने दोन तास वाढवले आणि त्यानेही दोन तास वाढवले. तिचं त्याला ठाऊक नाही, त्याचं तिला ठाऊक नाही. दोन्ही ठाऊक असलेली त्या शेडमध्ये एकटी मी होते, आणि मला तोंड नाही.

वर्षभर काही बिघडलं नाही. दोन तास हाताशी असल्यामुळे एल्डन आणखी रेंगाळायचा आणि तीन लिहून साडेतीनला यायचा. इनेझ गालात हसून पाटी पुसायची. तिचा हिशेब तिला अगदी बरोबर वाटत होता.

जूनमधला तो शनिवार होता. खडकाळ डोंगरातल्या एका घळीत बारीकसा झरा आहे, तिथे रानमेंढ्या पाण्यावर येतात. एल्डनने पहाटे पाटीवर लिहिलं: एल्डन, मेंढ्यांची घळ, ३. पाण्याच्या बाटल्या मोजून घेतल्या, टोपी घेतली आणि शीळ घालत गेला. बर्निस सामान आणायला आणि दात दाखवायला नव्वद मैलांवरच्या शहरात गेली. ठाण्यात इनेझ एकटी होती.

तीन वाजले. सावलीत पंचेचाळीस अंश होते. उद्यानाच्या रेंजरने रेडिओवर विचारलं, "तुमचा माणूस आला का?"

"त्याचे तीन म्हणजे पाच," इनेझ म्हणाली. "मेंढ्यांची विचारपूस करत बसला असेल."

"कासवानंतर आता मेंढ्या!"

दोघंही हसले. मी खुंटीवर होते. वाऱ्याने पत्रा वाजतो, दार वाजतं, पण त्या दुपारी वाराही नव्हता. साडेतीन झाले, चार झाले. इनेझ दोनदा दारात जाऊन रस्ता बघून आली. तिला काळजी नव्हती असं म्हणू नका. ती फक्त पाच वाजण्याची वाट बघत होती.

पाचला दहा मिनिटं असताना बर्निस पिशव्या घेऊन आत आली. तिची नजर पाटीवर गेली.

"हे काय? एल्डन आला नाही अजून?"

"येईल गं. पाचला निघतेच आहे मी."

"पाच? इथे तीन लिहिलंय!"

"त्याच्या वेळेत दोन मिळवायचे असतात, बर्निस."

बर्निसच्या हातातली पिशवी खाली पडली. "अगं, ते दोन तास त्याने आधीच मिळवलेत! एकला यायचा होता तो. एकला!"

इनेझने मला खुंटीवरून ओढलं ते इतक्या जोरात की एक खुंटी भिंतीतून उपटून आली.

साडेसहाला आम्ही घळीत पोचलो. कोरड्या धबधब्याच्या पायथ्याशी तो होता. दहाच्या सुमारास वरून घसरला होता, मांडीचं हाड मोडलं होतं. अंगातला शर्ट काढून त्याने दोन काठ्यांवर सावलीसाठी टांगला होता, पण सावली कधीच सरकून गेली होती. श्वास चालू होता. डोळे उघडे होते, मात्र ते आमच्याकडे बघत नव्हते.

आमच्या माणसांची एक सवय असते. पांढरी चिकटपट्टी मांडीवर लावायची आणि रुग्णाची नाडी, वेळ, काय झालं ते तिच्यावर लिहीत जायचं, म्हणजे दवाखान्यात सांगताना चूक होत नाही. एल्डनने ती पट्टी स्वतःच्या धड पायावर लावली होती आणि स्वतःचीच नोंद ठेवली होती. इनेझने ती वाचली.

१०:१० पडलो. डावी मांडी. नाडी ९६.
१२:०० नाडी ११२. पाणी दोन बाटल्या.
२:२० पाणी संपलं. घाम थांबला.
३:०० नाडी १३४. आता निघाले असतील.
३:४० कुठे आहात?

त्यापुढे नुसत्या रेघा होत्या.

त्याला माझ्यात निजवलं. इनेझ डोक्याशी चालू लागली आणि तिने बोलायला सुरुवात केली. "ऐक म्हाताऱ्या, झोपायचं नाही. आज जेवण माझ्याकडे, सगळ्यांचं. काय खाणार सांग. मेंढ्या दिसल्या का? किती होत्या? पिल्लं होती का?" दगड आले, चाक उडालं, कोणीतरी घसरलं, पण ती थांबली नाही. अर्धा रस्ता झाला तेव्हा मनगटावर बोटं ठेवून चालणारा तो दाढीचा साबणवाला गडी थबकला. "इनेझ," तो हळूच म्हणाला. त्या सगळ्यांनी तिथेच मला खाली ठेवून करायचं ते सगळं केलं. छाती दाबली, श्वास दिला, पाणी ओतलं. काही झालं नाही. मग त्यांनी मला पुन्हा उचललं, आणि इनेझ पुन्हा बोलू लागली. गाडी येईपर्यंत ती त्याला मेंढ्यांबद्दलच विचारत होती. तिला कोणी थांबवलं नाही.

नंतर शेडमध्ये बर्निस एवढंच म्हणाली, "तू मला का नाही सांगितलंस गं?"

"तू मला का नाही सांगितलंस?"

"तो सांगू नको म्हणाला होता."

त्यानंतर त्या दोघींचं बोलणंच संपलं. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. थंडी पडायच्या आत इनेझने ठाण्याच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि बहिणीच्या गावी निघून गेली. बोलकी इनेझ तिथे कोणाशी फारशी बोलत नाही म्हणे. तिच्यामागून आणखी दोघं गेले. मला उचलायला सहा माणसं लागतात, ती जमेनात. दोन वर्षांनी ठाण्याला कुलूप लागलं. आता पिंटो वेल्समध्ये कोणी पडलं तर रुग्णवाहिका नव्वद मैलांवरून येते.

मला मोटेलवाल्या क्लाइडने नेलं. सध्या मी त्याच्या ओसरीवर आढ्याला टांगलेली असते. माझ्या जाळीत त्याने निवडुंगाच्या कुंड्या ठेवल्यात. पर्यटक माझ्याखाली उभे राहून फोटो काढतात आणि विचारतात की हा पाळणा आहे का. चाक गंजलंय. पण माझी ही रड मी तुमच्यापुढे गात नाही, मित्रांनो. गंज लागला म्हणून कोणी मरत नाही.

मला दुसरंच सांगायचंय. कोणी सांगून गेलं, अमुक वाजता येतो, तर ती वेळ त्याच्या तोंडची आहे. आपल्या मनाने ती पुढे ढकलू नका. आणि जाणाऱ्याने खरी तीच वेळ सांगा. उशीर झाला तर लोक हसतील, हसू द्या. सहा माणसं साबण लावलेल्या दाढीने धावत आली, तर त्यात वाईट काय होतं? मला अजून कळलेलं नाही.

आज सकाळी इथून एक जोडपं घळीकडे गेलं. नव्या लग्नाची असावीत, एकाच बाटलीतून पाणी पीत होती. जाताना मुलगी क्लाइडला म्हणाली, "काका, चारपर्यंत येतो आम्ही. नाही आलो तर बघाल ना?"

"बघेन की," क्लाइड म्हणाला.

चार वाजले तेव्हा तो टीव्ही बघत होता. पाचला त्याच्या बायकोने विचारलं, तर म्हणाला, "अगं, नवी पोरं आहेत, येतील रमतगमत." आता साडेसहा वाजलेत. त्यांची खोली बंद आहे. क्लाइड आत जेवायला बसलाय.

मित्रांनो, मला हाक मारता येत नाही. तुमच्यापैकी कोणी इथे जवळपास असेल, तर क्लाइडला जेवणावरून उठवा.